नीतीचे धडे आणि तोडणीची यादी



हंगामापूर्वी आपल्या शेतकी, काटा आणि केनयार्ड विभागाच्या कर्मचाऱ्यांसाठी दोन दिवसांचा नीतिशिक्षण वर्ग घेण्यात आला. त्यासाठी बाहेरून तीन जाणकार बोलावले होते. एक सहकार खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी, दुसरे वैधमापन खात्यात उभी नोकरी काढलेले निरीक्षक आणि तिसऱ्या कामगार कायद्याचे काम करणाऱ्या वकीलबाई. त्यानंतर कन्नड गटात बैठकांना गेलो तेव्हा सभासदांनी एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने विचारला. पिशोरला विचारला, चापानेरला विचारला. देवगाव रंगारीला तर एक वडीलधारे सभासद उभेच राहिले. म्हणाले, "साहेब, खोटं बोलू नये हे शिकवायला पुण्याहून माणसं कशाला आणता? ते घरी आईनं शिकवलेलं असतं. ज्याला आईनं शिकवलं नाही त्याला पुणेकर काय शिकवणार?"

प्रश्न रास्त आहे. पैसा सभासदांचा, तेव्हा तो कुठे गेला हे विचारण्याचा हक्कही सभासदांचा. शिवाय 'नीतिशिक्षण' हा शब्दच असा आहे की तो ऐकला की एकतर शाळेतला मूल्यशिक्षणाचा तास आठवतो, नाहीतर चूक पकडल्यावर साहेबाने दिलेली तंबी. हा वर्ग यांपैकी काहीच नव्हता. म्हणून वर्गात नेमके काय झाले, ते आम्हा अधिकाऱ्यांना स्वतः का शिकवता येत नाही आणि त्याचा तुमच्या उसाच्या बिलाशी काय संबंध, हे जरा विस्ताराने सांगतो.

पहिली गोष्ट अशी की, लबाडी वाईट हे आपल्या फिल्डमनला किंवा काटा कारकुनाला ठाऊक नाही असे कोणीच म्हणत नाही. ठाऊक सर्वांना असते. अडचण येते ती ऐन वेळी, आणि त्या वेळी ती लबाडी आहे हेच लक्षात येत नाही. ती पाव्हण्याच्या रूपाने येते, शेजाऱ्याच्या रूपाने येते, कधी ज्याने आपल्याला नोकरीला लावले त्याच्या फोनवरून येते.

सहकार खात्याच्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच तासाला फळ्यावर एक बनवलेले प्रकरण मांडले. एक फिल्डमन नोंदी घ्यायला वस्तीवर गेला. सभासद त्याच्या बायकोच्या माहेरचा निघाला. ऊस को ८६०३२, पूर्वहंगामी, लागण २८ ऑक्टोबरची. सभासद म्हणतो, "पाव्हणं, ५ तारीख टाका. तीन आठवड्यांनी काय आभाळ कोसळतंय?" एक रुपया देण्या-घेण्याची भाषा नाही. फिल्डमनने ५ ऑक्टोबर टाकली, चहा घेतला आणि पुढच्या शेतावर गेला. आता सांगा, यात नुकसान कोणाचे झाले?

वर्गात बहुतेकांचे उत्तर एकच आले: कोणाचेच नाही. ऊस आपल्याच कारखान्याला येणार, वजन भरायचे तेवढेच भरणार, पैसा कोणी खाल्ला नाही.

मग त्यांनी एका कल्पित गावाची लागणयादी प्रत्येकाच्या हातात दिली. ५ ऑक्टोबर आणि २८ ऑक्टोबर यांच्यामध्ये एकोणीस नावे होती. प्रत्येक नावापुढे विहिरीचे पाणी कुठवर पुरते आणि ऊस तुटल्यावर रानात काय घ्यायचे आहे हे लिहिलेले. ती यादी मोठ्याने वाचायला लावली. कोणाची विहीर जानेवारीअखेर तळ गाठणारी, कोणाला खोडवा ठेवायचा, कोणाला ऊस मोडून उन्हाळी मका करायची. एका माणसाने वरची जागा घेतली म्हणजे खालची एकोणीस माणसे एकेक पायरी खाली सरकली. अशी चार नावे वर गेली की शेवटच्या माणसाची पाळी आठवडा-दोन आठवडे पुढे जाते. आता हे तर शेतीतल्या प्रत्येकाला माहीत आहे की १५ फेब्रुवारीनंतर तुटलेल्या उसाचा खोडवा ठेवू नये अशी शिफारस आहे, कारण फुटवा नीट होत नाही आणि उन्हाळा अंगावर येतो. म्हणजे तीन आठवड्यांच्या त्या तारखेने कोणाचा तरी खोडवा गेला. तो कोणाचा गेला हे फिल्डमनला कधी कळतही नाही, आणि ज्याचा गेला त्याला का गेला हे कळत नाही.

हे ऐकल्यावर वर्ग गप्प झाला. सगळ्यांना २०२१-२२ चा हंगाम आठवला असणार. त्या वर्षी मराठवाड्यात ऊस उदंड झाला आणि जून उजाडला तरी कित्येकांच्या रानात उभा होता. एरवी तोडणीची यादी ही कारखान्याच्या दप्तरातली एक वही असते. तशा वर्षी ती शेतकऱ्याची भाकरी असते. यादीतला एक खोटा आकडा सुकाळात कोणाला बोचत नाही आणि अडचणीच्या वर्षी घर बुडवतो, आणि आकडा टाकताना पुढचे वर्ष कसले असणार हे टाकणाऱ्याला माहीत नसते.

मग मागच्या बाकावरून एक तरुण चिटबॉय उठला. "सर, समजलं. पण सासुरवाडीच्या माणसाला नाही म्हणायचं कसं?"

माझ्या मते खरे शिक्षण इथून सुरू झाले. एकाला सभासद केले, एकाला फिल्डमन केले आणि तो प्रसंग समोरासमोर करून दाखवायला लावला. पहिला गडी म्हणाला, "मामा, माझ्या हातात काही नाही, मोबाईल आपोआप तारीख टाकतो." सगळे हसले, कारण नोंद मोबाईलवर फोटोसकट जात असली तरी लागणीची तारीख आपणच भरतो. सर म्हणाले, ही सुटका झाली खरी, पण खोटे बोलून झाली, आणि पुढच्या वर्षी मामाला खरे कळले की तुमचा शब्द संपला. चार-पाच जणांनी प्रयत्न केल्यावर एका जुन्या फिल्डमनच्या तोंडून हे वाक्य आले: "मामा, तारीख खरी ती टाकतो. तुमच्या विहिरीची अडचण मात्र वेगळी लिहून गट ऑफिसला देतो, तिथं काय सवलत बसते ते साहेब बघतील." यात नातेही राहिले, नोंदही खरी राहिली आणि अडचण उघड्या मार्गाने वर गेली. हे वाक्य आता आमच्या सगळ्या फिल्डमनच्या तोंडी आहे. ऐकायला साधे वाटते, पण आधी म्हणून बघितलेले नसेल तर ऐन वेळी सुचत नाही. गुळण्या न करता गायला बसल्यासारखे होते ते.

आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली संभाजीनगरला, पुण्याला स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांना विचारून बघा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा स्वतंत्र पेपर आला. त्यात 'सत्याचे महत्त्व' असा निबंध लिहून भागत नाही. तुम्ही अमुक जागेवर अधिकारी आहात, वरून असा दबाव आहे, खालून अशी अडचण आहे, आता काय कराल, अशी प्रकरणे सोडवायची असतात. उद्याच्या जिल्हाधिकाऱ्याला जे शिकावे लागते ते रात्रपाळीच्या काटा कारकुनाला आपसूक यावे अशी आपण अपेक्षा का धरतो, हे मला कळत नाही.

आता काट्याकडे येतो. काट्याबद्दल गावोगाव जितक्या वावड्या उठतात तितक्या दुसऱ्या कशाबद्दल उठत नसतील, आणि शेतकऱ्याचा संशय मी चुकीचा म्हणणार नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी ठरवली. वीस टनांच्या खेपेत एक टक्का वजन मारले तर २०० किलो, म्हणजे ७१० रुपये गेले. दोन एकरांत ऐंशी टन काढणाऱ्या सभासदाचे २,८४० रुपये गेले. चार लाख टन गाळप करणाऱ्या कारखान्यात हाच एक टक्का १ कोटी ४२ लाखांचा होतो.

एवढे सगळ्यांना समजते. पण वैधमापनच्या निरीक्षकांनी उलट बाजू दाखवली, ती फार थोड्यांच्या ध्यानात असते. काटा कारकुनाने ओळखीच्या माणसाला वजन जास्त लावले तर? लोक म्हणतात, कारखान्याचे गेले, शेतकऱ्याचे कल्याण झाले. तसे होत नाही. उतारा म्हणजे निघालेल्या साखरेला नोंदलेल्या उसाने भागायचे. ऊस कागदावर वाढला आणि साखर तेवढीच राहिली की उतारा पडतो. खरा उतारा १०.७५ असताना वजन एक टक्का फुगले तर कागदावर उतारा सुमारे १०.६४ दिसेल. वरच्या दर ०.१ टक्का उताऱ्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे मिळतात, तेवढे प्रत्येक सभासदाच्या प्रत्येक टनातून कमी होतात. म्हणजे मर्जीतल्या चार माणसांना जे दिले ते कारखान्याच्या तिजोरीतून गेलेच नाही, ते तुमच्या-माझ्या बिलातून गेले. काटा कोणत्याही बाजूला झुकला तरी पैसे कोणा ना कोणा सभासदाचेच.

त्या निरीक्षकांनी मग वर्ग बाहेर काट्यावरच नेला. काट्याच्या प्लॅटफॉर्मच्या फटीत चिखल, खडे आणि पाचट अडकले की वजन कसे चुकते ते दाखवले. गाडीचे मागचे चाक अर्धे बाहेर राहिले तर काय होते, गाडी पूर्ण थांबण्याआधी आकडा पकडला तर काय होते, हेही दाखवले. प्रमाणित वजने चारही कोपऱ्यांवर ठेवून आकडा सारखा येतो का ते बघायचे. पाळी सुरू करताना रिकाम्या काट्यावर शून्य आहे का ते बघायचे आणि वहीत लिहायचे. रिकाम्या गाडीचे वजन दर खेपेला नव्याने घ्यायचे, मागच्या खेपेचे चालवायचे नाही. भरलेली गाडी आली तेव्हा ड्रायव्हर खाली होता तर रिकामीच्या वेळीही खालीच हवा. यात नीती कुठे आली, असे कोणी म्हणेल. त्यांचे म्हणणे असे की, काट्यावरची निम्मी बेइमानी ही आळसातून सुरू होते. शून्य न बघणारा माणूस चोर नसतो, पण चोराला जागा तो करून देतो. आणि एकदा चूक झाली, ती लपवली, की दुसरी करावीच लागते.

याच निरीक्षकांनी रात्री अडीच वाजताचे प्रकरणही घेतले. थंडी आहे, बाहेर पन्नास-साठ गाड्यांची रांग आहे, ट्रॅक्टरवाले शिव्या देत आहेत आणि आकडा दोन किलोंवर नाही, चक्क पन्नास-साठ किलोंवर हलतो आहे. काटा बंद करायचा तर रांग वाढते, ऊस वाळतो, सकाळी साहेब झापतो. चालू ठेवायचा तर कोणाचे तरी वजन चुकते. काय कराल? आमच्या एकाही कर्मचाऱ्याला नक्की सांगता येईना की अशा वेळी काटा बंद ठेवण्याचा अधिकार त्याला आहे की नाही. कारण तसे लेखी कोणी दिलेलेच नव्हते. आता दिलेले आहे. पाळीच्या काटा कारकुनाला काटा थांबवण्याचा अधिकार आहे, त्याबद्दल त्याला जाब विचारला जाणार नाही आणि दुसऱ्या काट्यावर गाड्या वळवायच्या आहेत, असे पत्र दोन्ही काट्यांवर काचेखाली लावले आहे. तज्ज्ञ आणल्याचा हा सर्वांत मोठा फायदा मी समजतो. माणसे सुधारली की नाही हे काळ ठरवेल, पण आपल्या कारभारात कुठे भोक आहे ते दोन दिवसांत दिसले.

मग हेच आम्ही अधिकाऱ्यांनी का शिकवू नये? मी डिप्लोमाधारक माणूस आहे. बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडवा व्यवस्थापन यांवर मी चार तास बोलेन. पण नीतीचा वर्ग मी घेतला असता तर तो चिटबॉय उठून बोलला नसता. त्याची बदली, त्याची रजा, त्याचा गोपनीय अहवाल माझ्याकडे. शिवाय ज्या दबावाबद्दल बोलायचे तो दबाव कधी कधी आम्हा अधिकाऱ्यांकडूनच खाली जातो, मग आमच्यासमोर त्याचे नाव कोण घेणार? बाहेरच्या माणसाचे हितसंबंध इथे नसतात. तो संध्याकाळच्या गाडीने परत जातो. त्याच्यापुढे माणूस मोकळा होतो.

पण बाहेरचा म्हणून कोणीही चालत नाही. व्याख्याते पुष्कळ मिळतात. टाळ्या मिळवतात, गोष्टी सांगतात, जाताना शाल-श्रीफळ घेऊन जातात आणि काट्यावर काहीच फरक पडत नाही. माणूस कामातला हवा. ज्याने शेकडो काटे उघडून बघितलेत, ज्याने संस्थांच्या चौकशा केल्यात, असा हवा. सहकारात ही रीत नवी नाही. प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा कारखाना उभारायला घेतला तेव्हा पहिले अध्यक्ष म्हणून पुण्याच्या धनंजयराव गाडगीळांना आणले. गाडगीळ अर्थशास्त्रज्ञ, गोखले संस्थेचे. गावचे नव्हते, भावकीतले नव्हते. गावची उमेद आणि बाहेरचे ज्ञान अशी ती जोडी होती. पुढे १९६७ साली पुण्यात वैकुंठ मेहता यांच्या नावाची सहकार व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था निघाली आणि १९७५ साली मांजरीला साखर संस्था निघाली, जिला १९८९ पासून वसंतदादांचे नाव आहे. उसाची जात बदलायची तर आपण मांजरीच्या शास्त्रज्ञाचे ऐकतो. कारभाराची जात सुधारायची तर तिथेही जाणकाराचे ऐकायला हरकत नसावी.

त्याहून मागे गेलो तर १८४४ साली इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी अठ्ठावीस विणकर आणि कामगारांनी सहकारी दुकान काढले. त्या काळी दुकानदार पिठात भेसळ करीत आणि मापात मारीत. यांच्या दुकानाचे नाव झाले ते शुद्ध माल आणि पुरे माप यामुळे. त्यांनी पुढे नफ्यातला अडीच टक्के भाग शिक्षणासाठी बाजूला काढायचा नियम केला. आज जगभर मानल्या जाणाऱ्या सहकाराच्या सात तत्त्वांत पाचवे तत्त्व शिक्षण आणि प्रशिक्षणाचे आहे. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ साली कलम २४-अ घातले गेले, त्यात सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी या तिघांच्याही प्रशिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे. तिघांच्या, हे लक्षात घ्या. खालच्यांना शिकवायचे आणि वरच्यांनी उद्घाटनाचा नारळ फोडून निघून जायचे, असे कायद्यात नाही. यंदा दोन संचालक पहिल्या दिवशी पूर्ण वेळ बसले. दोघेच, पण बसले. पुढच्या खेपेला संख्या वाढावी अशी अपेक्षा सभासदांनी सभेत व्यक्त केली तर ती आमच्यापेक्षा जास्त वजनदार ठरेल.

वर्ग घेतला की झाले, असे मात्र मुळीच नाही. हैदराबादच्या सत्यम कंपनीला उत्तम कारभाराचा पुरस्कार २००८ साली मिळाला, आणि जानेवारी २००९ मध्ये तिच्या प्रमुखाने हिशेब खोटे असल्याचे स्वतः लिहून दिले. मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आणले, तेव्हा कर्जे झाकण्यासाठी एकवीस हजारांवर खोटी खाती दाखवल्याचे पुढे आले. एवढी खाती एका माणसाच्या हाताने दाखवली जात नाहीत, कुठल्या तरी टेबलावर कोणीतरी बसून ती भरलेली असतात. आपल्याच जिल्ह्यात आदर्श नागरी पतसंस्थेचे प्रकरण २०२३ साली उघडकीस आले आणि ठेवीदार रस्त्यावर आले. कन्नडच्या माणसाला तर संस्था हातची जाणे म्हणजे काय हे सांगायला नको. आपल्या तालुक्याचा सहकारी कारखाना २०१२ साली लिलावात गेला. त्याची कारणे अनेक आहेत आणि त्यात आज शिरत नाही. पण संस्था असताना आपण कसले प्रश्न विचारले नाहीत, हे प्रत्येकाने आपापल्याशी आठवून बघायला हरकत नाही.

तेव्हा शिक्षणाच्या जोडीला यंत्रणा हवी. यादी उघड्यावर हवी, तक्रारीला पोच हवी, तक्रार करणाऱ्या कर्मचाऱ्याला संरक्षण हवे, आणि एका माणसाला एकाच काट्यावर, एकाच गावात वर्षानुवर्षे ठेवू नये. खरे सांगायचे तर शेवटच्या मुद्द्यावर आमच्यात मतभेद आहेत. फिल्डमन बदलला की गावची माहिती जाते, नवा माणूस रान शोधण्यातच हंगाम घालवतो. मला स्वतःला तीन वर्षांनी बदल रास्त वाटतो.

वकीलबाईंचा तास अडीच तास चालला आणि सुरुवातीला आमचे लोक अवघडून बसले होते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली विशाखा निकालात मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१३ साली कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तिथे अंतर्गत समिती लागते, आणि त्या समितीवर एक सदस्य बाहेरचा, या क्षेत्रात काम करणारा असावाच लागतो. म्हणजे घरातल्या माणसांनीच घरातला न्याय करू नये हे कायद्यानेही ओळखले आहे. ठरावीक काळाने कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घेणेही याच कायद्याने मालकावर बंधनकारक केले आहे. आपल्या ऑफिसात महिला थोड्या, पण कोयत्यावर निम्मी माणसे बायकाच आहेत. पहाटे तीनला उठून त्या फडात जातात, मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढतात. त्या मुकादमाच्या, आपल्या नाहीत, असे म्हणून हात झटकायची सवय पडली आहे. बाईंनी विचारले, "ऊस कोणाच्या गव्हाणीत पडतो?" यावर उत्तर नव्हते. यंदा तळावर पाणी, संडास आणि उजेडाची सोय कोणी बघायची हे नाव टाकून ठरवले आहे. चिटबॉयने फडातल्या बायकांशी एकेरीत बोलायचे नाही, हेही ठरले. हे लहान वाटेल. पण बोलण्यातला पायपोस उतरला की बाकीचे हात आखडतात.

आता थोडे सभासदांविषयी. राग मानू नये.

खुशाली हा शब्द आपण फार गोड करून ठेवला आहे. तोडणी मजुरी आणि वाहतूक ही तुमच्या उसाच्या हिशेबातूनच जाते. तरी टोळीला वर पैसे, ड्रायव्हरला दर खेपेला एन्ट्री, मशीनवाल्याला एकरी काही रक्कम, वर कोंबडा. मी सभासदांना विचारतो की का देता? म्हणतात, न दिले तर वाढ्याच्या बाजूने ऊस जास्त छाटतात, बुडखे रानात ठेवतात, ट्रॉली रुतली म्हणून दोन दिवस फिरकत नाहीत. हे खरे आहे आणि त्यात अडवणूक आहे. पण दुसरे चित्रही मी बघितले आहे. पाळी आलेली नसताना टोळी आपल्या रानात वळावी म्हणून स्वतः होऊन दिलेली खुशाली. त्या रकमेने पुढच्या बांधावरच्या भावाचाही दर ठरून जातो. पहिल्याने हौसेने दिले, दुसऱ्याला ते सक्तीने द्यावे लागते. वर्गात एक मुकादम बोलावला होता, तो शांतपणे म्हणाला, "आम्ही मागतो ते खरं. पण पहिल्या आठवड्यात आम्हाला सवय कोण लावतं?"

म्हणून पुढचा वर्ग सभासदांसाठी घ्यावा असा प्रस्ताव मी दिला आहे. एक दिवसाचा, कन्नड गटात, तेच तज्ज्ञ बोलावून. काट्यावर उभे राहून प्रमाणित वजनांची तपासणी सभासदांनी डोळ्यांनी बघावी. वजनपावतीवर काय काय असायला हवे ते समजून घ्यावे. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळण्याचा आणि उशिराबद्दल पंधरा टक्के व्याजाचा हक्क १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, तो कसा मागायचा तेही समजून घ्यावे. खर्चाचे म्हणाल तर झालेल्या दोन दिवसांचे मानधन, प्रवास आणि जेवण मिळून ट्रकभर उसाच्या किमतीत बसले. वार्षिक अहवालात शिक्षण खर्चाच्या सदरात तो आकडा येईल, तो बघून घ्यावा आणि पटला नाही तर सभेत विचारावे.

यंदाची लागणयादी कन्नड गट कार्यालयाच्या बाहेरील फलकावर लावत आहोत. त्यात सभासदाचे नाव, गाव, गट नंबर, उसाची जात, लागणतारीख आणि तोडणीचा क्रम दिलेला असेल. पिशोर, चापानेर, देवगाव रंगारी, नागद आणि चिकलठाण या गावांच्या प्रती ग्रामपंचायतींकडे पाठवल्या आहेत. आपली तारीख चुकीची वाटली, किंवा दुसऱ्या कोणाची चुकीची वाटली, तर हंगाम सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावे. अर्जावर नाव घालावे. ते नाव कार्यालयाबाहेर जाणार नाही. अर्जाची सही-शिक्क्याची पोच मागून घ्यावी, आणि पोच द्यायला कोणी टाळाटाळ केली तर त्याचे नाव आणि तारीख लिहून माझ्याकडे आणावी.

— ऊस विकास अधिकारी